डावा हात

गाणं ऐन रंगात आलेलं असताना लूशियस पेटवेने पियानोवरचा डावा हात वर उचलला आणि सगळा बँड एकदम गप्प झाला. गाणारा उंच तरुण दचकला. गाता गाता थांबला आणि मागे वळून लूशियसकडे बघू लागला.

"छान गातोस, भाऊ," लूशियस म्हणाला. "पुढचं कोण?"

तरुण टोपी चुरगाळत बाहेर गेला. कढईपाशी उभ्या असलेल्या व्हायनीबाईंना राहवेना. हेलेना गावातली ही खानावळ त्यांचीच. दुपारची जेवणं आटोपली की आवाज पारखायला त्यांनी ती लूशियसला दिली होती, कारण आज त्यांची भाचीही गाणार होती.

"वाजवायचं बंद केलंत तुम्ही आणि घरी जायचं त्यानं?" त्यांनी ड्रमवाल्या ओडेलला विचारलं.

"मास्तरांची रीत आहे ती, बाई. जो वळून बघतो, तो गेला."

रिदम अँड ब्लूजचा बँड घेऊन लूशियस नदीच्या दोन्ही काठांवरची गावं पालथी घालत असे. आवाज शोधावा तर त्यानेच. फक्त शोधलेला आवाज त्याच्याकडे टिकत नसे, एवढीच काय ती रड. गेल्याच आठवड्यात त्याची गायिका रेकॉर्ड कंपनीच्या माणसांबरोबर शिकागोला निघून गेली होती; तिच्याआधीची कॅलिफोर्नियाला.

भाची पुढे आली. अर्लीन मेब्री. दिवसभर लाँड्रीत शर्टांना इस्त्री करायची. मनगटावर भाजल्याचे डाग होते. पायात आत्याचे चर्चला जायचे बूट होते आणि ते तिला चांगलेच चावत होते. घर सोडून गेलेला नवरा टोपी विसरून जातो आणि बायको त्या टोपीत कोंबडी बसवते, असलं काहीतरी गाणं तिने धरलं. बँडवाले हसायला लागले. मग हसायचे थांबले.

लूशियसचा हात वर गेला. सगळी वाद्यं थांबली.

अर्लीनने मान हलवली नाही. फळ्यांवर बूट आपटत ती तशीच गात राहिली, जणू बँड जेवायला गेला होता आणि येईल तेव्हा येईल. कढईतला मासा करपला तरी कुणाला वास आला नाही. कडवं संपता संपता बँडच धावत येऊन तिला गाठू लागला.

"सोमवारी मेम्फिसला निघायचं," लूशियस म्हणाला. आनंद त्याच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. "किती वाजता येशील?"

"इस्त्री तापायच्या आत निघू या," अर्लीन म्हणाली आणि लाँड्रीत सांगायला बाहेर पडली.

"मावशी, हिला मी जाऊ देणार नाही," लूशियस म्हणाला. "या खेपेला नाही."

व्हायनीबाई करपलेला मासा खरवडत होत्या. "ती शिकागोची, तिच्या वेळीही तू हात वर केलास?"

"केला की."

"वळून बघितलं तिनं?"

"छे!"

"आणि त्याआधीची, ती कॅलिफोर्नियावाली?"

"तिनंही नाही."

व्हायनीबाईंना इतकं हसू आलं की त्यांनी ॲप्रनने डोळे पुसले. "मग रडतोस कशाला रे बाळा? वळून बघणारी माणसं तूच घरी पाठवतोस की!"

ओडेल खो खो हसला आणि मास्तरांचं तोंड बघून गप्प झाला. इतक्या वर्षांत लूशियसला हे सुचलंच नव्हतं.

"त्या उंच पोराला हाक मारू का?" ओडेलने हळूच विचारलं. "बसची वाट बघत उभाय. अजून इकडेच बघतोय. जन्मात सोडून जायचा नाही."

लूशियस उठून दारात गेला. पोरगा खरंच इकडे बघत होता. पलीकडे रस्त्याच्या टोकाला अर्लीन लंगडत चालली होती. एकदा, फक्त एकदा हिने वळून बघावं, असं त्याला फार वाटलं.

कोपऱ्यावर ती थांबली. लूशियस दाराबाहेर आला.

ती वाकली, आत्याचे बूट काढून हातात घेतले आणि अनवाणी, झपझप कोपरा वळून गेली.

"मग, मास्तर? बोलावू त्याला?"

"सोमवारी गाडी लवकर काढ," लूशियस म्हणाला. "तिला इस्त्री तापायच्या आत निघायचंय."