वीतभर खड्डा

बाबा पुन्हा पडले.

पडले म्हणजे खुर्चीत बसूनच. संगणकाच्या पडद्यावरचा कंदीलवाला छोटा माणूस खड्ड्यात गेला, आणि बाबांनी कानांवरचे हेडफोन घट्ट दाबून डोळे मिटले.

धाकटीनं त्यांच्या खांद्याला हात लावला तेव्हा त्यांनी एक कान मोकळा केला.

"अहो बाबा, वीतभर तर खड्डा आहे! एक बटण दाबलं की पलीकडे."

"वय झालं गं. बोटं ऐकत नाहीत."

खेळ तिनं आणि दादानं मिळून केलेला. चित्रं, संगीत, सगळे आवाज दादाचे. चालणं आणि उडी तिची. निळे डोंगर, धुकं, पाण्यात हलणारा कंदिलाचा उजेड. नुसतं बघत बसावं असं. करायचं मात्र काहीच नाही, चाला आणि उडी मारा. 'देखणा, पण पोरखेळ,' असं कुणीतरी लिहिलं तेव्हा दादा पोट धरून हसला होता. "बाबांना जमायला हवा ना! मग पोरखेळच बरा."

त्यानंतर दोन महिन्यांत तो गेला. साध्या तापाचं निमित्त झालं.

तेव्हापासून धाकटी आवाज बंद ठेवूनच काम करायची. त्याचं संगीत तिला सोसवत नव्हतं. बाबांना ते ठाऊक होतं, म्हणून ते हेडफोन लावूनच खेळत.

रोज चारचा चहा झाला की बसायचे. मोठमोठ्या दऱ्या आरामात ओलांडायचे आणि शेवटच्या दारापुढे, त्या वीतभर खड्ड्यात, हमखास पडायचे. तिथवर येईतो दमत असतील बिचारे, असं तिला वाटे. तो खड्डा तिला मुळात पटलाच नव्हता. "इथे कोण पडणार?" तिनं विचारलं होतं. "राहू दे गं. पडेल एखादा," दादा म्हणाला होता.

दारापलीकडे दादानं काढलेलं शेवटचं चित्र होतं. ते बाबांनी बघावं, एवढंच तिला हवं होतं. आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं, बाबांची नजर फार तर चार-सहा महिने टिकेल.

शेवटी तिनं खड्डा बुजवून टाकला. दहा मिनिटांचं काम.

दुसऱ्या दिवशी कंदीलवाला सरळ दारातून आत गेला. पडदाभर त्यांचं स्वयंपाकघर उजळलं. खिडकीतलं ऊन, ओट्यावर तीन कप, त्यातल्या एकाचा कान तुटलेला. धाकटीला रडू आवरेना.

"बाबा, पोहोचलात!"

बाबांनी चित्र डोळे भरून पाहिलं. मग घाईघाईनं कंदीलवाल्याला मागे वळवलं आणि दारापुढच्या सपाट जमिनीवर इकडून तिकडे चालवत राहिले.

"खड्डा कुठे गेला?"

"बुजवला. तुम्हाला जमत नव्हतं ना."

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं, काय केलंस हे! होता तसा कर. आत्ताच्या आत्ता!"

ते तिच्यावर असे कधी ओरडले नव्हते. तिनं मुकाट्यानं खड्डा पुन्हा केला.

बाबांनी हेडफोन काढले आणि तिच्या कानांवर चढवले. उडीच्या बटणावरचं बोट उचललं. कंदीलवाला चालत गेला आणि पडला.

"पडलात ना बाबा?" दादा तिच्या कानात हसत म्हणाला. "मला ठाऊकच होतं. उठा, मी थांबलोय."