खोटा होकार

‘उद्या तुमच्या उसाला तोड,’ असा फोन शेतकऱ्यांना लावणारा कारखान्याचा प्रोग्रॅम सारिका खुटबावात घरी बसून तपासत होती. मागच्या तपासणीत खरेखुरे फोन गेले, आणि चाळीस माणसं दिवसभर तोडणी टोळीची वाट बघत बांधावर बसली.

म्हणून आज तिनं प्रत्येक फोन लागायच्या आतच अडवला आणि पलीकडं प्रोग्रॅममधलाच एक खोटा शेतकरी बसवला. त्याला एकच उत्तर शिकवलं : ‘व्हय, येतो.’ वर नेटही बंद ठेवलं.

चाळीस होकार आले. गावात एकही फोन वाजला नाही. हायसं वाटून ती चहा टाकायला उठली.

दारात शेजारचे सोपानआबा उभे होते. त्यांच्यामागं रस्ताभर माणसं.

“पोरी, फोन न्हाई वाजला,” आबा म्हणाले, “पर आत्ता समद्यांच्या तोंडातनं आपसूक ‘व्हय, येतो’ निघालं. कुठं यायचं हाय?”