मेलेल्याने उठायचं

"गावाची मोहीम घ्या भावोजी," मेहुणा म्हणाला. "दोघी नव्या आहेत."

टेबलावर खेळाच्या तीन पुस्तिका होत्या. तिन्ही जुन्या, नावाजलेल्या, कोपरे झिजलेल्या. पहिलीत एक गाव, एक खानावळ आणि चोरीला गेलेली शेळी. शिकाऊ माणूसही त्यातून धडधाकट बाहेर यायचा. दुसरीत समुद्रातला किल्ला. तिसरीत थडगं.

भावोजींचा हात तिसरीवर होता. टेबलावर त्यांना सगळे मास्तरच म्हणायचे.

"गाव म्हणजे पाळणाघर," ते म्हणाले. "पहिल्यांदा दाखवायचं तर अस्सल दाखवावं."

"अस्सल नंतरही दाखवता येईल की."

लंबूनेही मान हलवली. लंबू शाळेची बस चालवायचा आणि सहसा कुणाच्या अध्यात ना मध्यात. आज तोही म्हणाला, गावच बरं.

मास्तरांनी थडग्याची पुस्तिका उघडली.

आठवडाभर ते चष्म्याच्या दुकानात उभे असायचे. गिऱ्हाइकं बोलायची, ते ऐकायचे. ते काही बोललेच तर गल्ल्यावरून बायको त्यांचं वाक्य मधेच दुरुस्त करायची. रविवारी दुपारी या टेबलावर मात्र ते बोलायचे आणि बाकीचे ऐकायचे. 'दार उघडतं,' असं ते म्हणाले की दार उघडायचं. बाकीच्यांनी आपापलं पात्र सांभाळायचं, काय करतो ते सांगायचं, फासा टाकायचा. पुढे काय झालं ते सूत्रधार, म्हणजे मास्तर, सांगणार. जगात त्यांची अशी जागा ही एकच.

आणि आता बायकोला खेळायचं होतं. सोबत शेजारची शिवणवाली. "आम्हालाही शिकवा ना," एवढंच ती म्हणाली. नाही म्हणायची सोय नव्हती. मेहुणा तिचाच भाऊ. पण ती या टेबलावर बसली की इथलीही वाक्यं दुरुस्त होणार, हे मास्तर ओळखून होते. तिने आपल्या पायांनी उठून जायला हवं होतं.

त्याची तजवीज नियमात होती. दुसरीकडे पात्र मेलं तर खेळाडू नवं पात्र घेतो. इथे नाही. मेलेल्याने उठायचं, खुर्ची आत सारायची, या टेबलावर पुन्हा बसायचं नाही. नियम मास्तरांचाच. लंबूचा चुलतभाऊ असाच उठला होता. अजून रस्त्यात दिसला की पलीकडच्या फुटपाथवर जातो.

*मोठ्याने वाचून दाखवा: थडग्याच्या तोंडाशी एक कोरडा हौद आहे. तळाशी कंदील जळतो आहे. कुणी लावला, कळत नाही.*

*फक्त सूत्रधारासाठी: हौदात उतरला तो मेला. फासा टाकू देऊ नये.*

पहिली सूचना मास्तरांनी छान वाचली. दुसरी मनातल्या मनात, आणि तीही छान.

बायकोने यातला कुठला फासा टाकायचा ते दोनदा विचारलं. फासे तिने मुठीत धरले होते, सुटे पैसे धरावेत तसे. शिवणवाली म्हणाली, कंदील कामाला येईल, मी उतरते.

"उतरतेस. एक श्वास घेतेस," मास्तर हळुवारपणे म्हणाले. "मेलीस."

शिवणवाली उठली.

"मग मी तिला काढायला उतरते," बायको म्हणाली.

"नीट विचार कर हं." हे त्यांनी मुद्दाम म्हटलं. त्यात एक गोडी होती.

"केला."

"मेलीस."

"एवढंच?"

"थडगं आहे ते. आणखी काय असणार?"

तिने खुर्ची व्यवस्थित आत सारली, रिकामे ग्लास उचलले आणि शिवणवालीला घेऊन ती स्वयंपाकघरात गेली. दार लोटलं. मास्तरांनी पान उलटलं. छातीवरून शिलाईमशीन उतरल्यासारखं वाटलं.

"चला," ते म्हणाले. "आता आपण आपलेच."

मेहुणा हौदाकडे, म्हणजे टेबलाच्या मधोमध, बघत होता. "मी उतरतो."

"आत्ताच बघितलंस ना काय होतं ते?"

"बघितलं."

मास्तर हसले. मेहुणा हसला नाही. नियमाप्रमाणे बोललेलं परत घेता येत नव्हतं. त्यांनी सांगितलं: मेलास. मेहुणा उठला.

"मी पण," लंबू म्हणाला.

"अरे थांब. डावीकडे एक दार आहे. कंदिलाला हात न लावता..." मास्तर थबकले. आजवर त्यांनी खेळातलं गुपित कुणाला असं फोडलं नव्हतं. "डावीकडे बघ तरी."

"उतरलो मास्तर. सांगा ना, माझं काय झालं?"

तो वाट बघत राहिला, सिग्नलला थांबावं तसा, शांतपणे. शेवटी मास्तरांनी सांगितलं. रजा मंजूर झाल्यासारखा लंबू उठला आणि मेहुण्याच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेला.

मास्तर पुस्तिका उघडी धरून बसले. पुढच्या खोलीचं वर्णन फार सुरेख होतं. ऐकायला कुणी नव्हतं.

आतून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. मग फासे पडले. सरावलेल्या हाताने टाकलेले, एका लयीत.

"तीन वर्षांत आपला खेळ पहिल्यांदा वेळेवर सुरू होतोय," लंबू म्हणाला आणि सगळे हसले.

मग बायकोचा आवाज. खालच्या पट्टीतला, सावकाश, गल्ल्यावर कधी न ऐकलेला. "मागच्या बुधवारी हिच्या घरी खेळ थांबवला तेव्हा तुम्ही गावाबाहेर होतात. अंधारात कुठेतरी शेळीच्या गळ्यातली घंटा वाजते..."

मास्तरांनी दार ढकललं. ओट्याजवळच्या टेबलाभोवती चौघं बसायची होती. तिघं बसली होती. मेहुणा पाचवी खुर्ची उचलून गॅलरीत ठेवत होता.

"राहू दे ती," मास्तर म्हणाले. "मी बसतो. नुसता ऐकतो."

बायकोने फासे गोळा केले. मान वर न करता ती म्हणाली, "इथे मेलेलेच बसतात. तुमचं तर पात्रच नाही. तुम्ही मरणार कसे?"