सिनेमातला नवरा

पडद्यावर घर दिसलं, ओटा दिसला, आणि मग भिंतीवर नवऱ्याचा फोटो. फोटोला हार घातलेला.

निवृत्ती खुर्चीत ताठ झाला. शेजारी ज्योत्स्ना लग्नातली पैठणी नेसून बसली होती. सिनेमा तिच्यावरच काढलेला. दोन वर्षांपूर्वी पतपेढी लुटून पळालेले तिघे पाणी मागायला त्यांच्या मळ्यात थांबले होते. ज्योत्स्नाने त्यांना ओळखलं, चहाला बसवलं, आणि आधण उकळेपर्यंत मागच्या दाराने जाऊन जीपच्या चाकांतली हवा सोडली. मागावरचे पोलीस पोचले तेव्हा तिघे पंप शोधत होते. निवृत्ती त्या दिवशी कांदा घेऊन विंचूरला गेलेला. सिनेमावाल्यांनी त्याला मारूनच टाकलं होतं.

पुढे फौजदार आला. खरा फौजदार ढेरपोट्या, रिटायर व्हायला आलेला. हा उंच, गोरा, आणि त्या विधवेकडे जरा जास्तच वेळ बघणारा. त्याने तिच्या हातातली कळशी घेतली तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या. ज्योत्स्ना तोंडाला पदर लावून हसली. आपल्याकडे बघून ती अशी कधी हसली होती, हे निवृत्तीला काही केल्या आठवेना.

मध्यंतरात थिएटरवाल्यांनी तिला पुढे बोलावून शाल-नारळ दिला. अख्खं नाशिक लोटल्यासारखे लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. निवृत्ती उठला, गर्दीतून वाट काढत तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"दादा, जरा बाजूला व्हा," फोटोवाला म्हणाला.

"मी नवरा हाय तिचा."

"नवरा तर..." फोटोवाला बोलता बोलता थांबला, आणि कॅमेरा खाली धरून उगाच पुसत राहिला.

जागेवर परतल्यावर निवृत्तीने दबक्या आवाजात विचारलं, "मी मेलो म्हणून तूच सांगितलं का त्या मुंबईवाल्यांना?"

"नाय." ज्योत्स्ना मांडीवर शालीची घडी घालत होती. "त्यांनी इचारलं, त्या दिवशी मालक घरी असते तर काय झालं असतं? मी म्हनलं, कायच नाय. त्यांनी मला दाराबाहेर येऊच दिलं नसतं."

तो काहीतरी बोलणार होता. तेवढ्यात मध्यंतर संपलं, दिवे विझले. ज्योत्स्ना खुर्चीत पुढे सरकून बसली.