उजव्या पायाचा बूट

राखीव खेळाडू म्हणून शेवटची काही मिनिटं उतरलेल्या त्या पोरानं दोन गोल ठोकले आणि हातचा गेलेला सामना देशाला जिंकून दिला. मैदानाबाहेर चाहत्यांनी त्याला अक्षरशः डोक्यावर घेतलं. "वाघ आहे वाघ," म्हणत चौघं इकडून ओढत होते, चौघं तिकडून. त्यातल्याच एका रंगाऱ्यानं त्याचा उजवा पाय जो पकडला, तो बूट हातात आल्यावरच सोडला. जयघोषात पोराचं ओरडणं कुणाला ऐकूच आलं नाही.

पुढच्या सामन्यात पोरगा दिसला नाही. कारण कुणी सांगितलं नाही आणि संघ सपाटून हरला. गर्दी थेट प्रशिक्षकाच्या घरावर चालून गेली. दगडांनी काचा फुटल्या. तोच बूट नाचवत रंगारी सगळ्यांच्या पुढे होता.

"असा हिरा घरी बसवतोस? बाहेर ये, तंगडंच तोडतो तुझं."

दार उघडलं. प्रशिक्षकाच्या कपाळातून रक्त गळत होतं. तो बाजूला सरला. मागे खुर्चीत तोच पोरगा बसला होता, उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये.



"बूट राहू द्या तुमच्याकडेच, काका," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणतात, आता लागणार नाही."