सोपा शब्द

“तर सांगा मधुकरराव, यॉन्डर म्हणजे काय?”

वामनरावांनी प्रश्न टाकला आणि ते खुर्चीत ऐसपैस रेलले. पडद्याआड पोह्यांची बशी घेऊन उभी असलेली शामला मनात म्हणाली, चला, सुटलो एकदाचे!

वामनराव नागपूरच्या कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले होते. गोऱ्या साहेबाच्या हाताखाली इंग्रजी शिकलेले, आणि त्या इंग्रजीचा तोरा काय विचारता! मुलीला बघायला आलेल्या प्रत्येकाला ते आधी एक जुना इंग्रजी शब्द विचारत. अर्थ सांगितला तर मुलगी पोहे घेऊन बाहेर येणार, नाहीतर नुसत्या चहावर बोळवण. बँकेतला एक जण ‘गॅलिगॅस्किन्स’वर आपटला. त्याचा अर्थ ढगळ विजार, हे त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार? बर्डीवरचा वकील फार ऐटीत आला होता. त्याला ‘क्विडनंक’ आला. नसत्या चौकशा करत हिंडणारा माणूस, असा अर्थ कळताच तो चहा न पिताच उठला. शामलाच्या आईनं, जिजाबाईंनी, कपाळावर हात मारला. “पोरीचं लग्न करून राहिले का मॅट्रिकची परीक्षा घेऊन राहिले तुम्ही?”

वामनरावांना मोतीबिंदूमुळे डिक्शनरीतली बारीक अक्षरं दिसत नसत. पाहुणे आले की ते आत यायचे आणि शामला त्यांना एखादा शब्द अर्थासकट वाचून दाखवायची.

आजचा मुलगा काटोलचा, कृषी खात्यात नोकरीला. शामलानं त्याला खिडकीतूनच पाहिलं होतं. गल्लीच्या चढावर सायकलरिक्षा अडली, तशी आईला बसू देऊन हा खाली उतरला आणि नव्या कोऱ्या शर्टाची पर्वा न करता मागून ढकलू लागला. वर पोचल्यावर रिक्षावाल्याबरोबर खदखदून हसलाही. शामलाला तो तिथेच आवडला. मनापासून आवडला.

आणि आता हा बघा! एकदा छताकडे बघतो, एकदा आईकडे.

“नाही येत मले,” मधुकर शेवटी म्हणाला.

“अहो, शाळेतल्या कवितेत असते हा शब्द! यॉन्डर म्हणजे तिकडे, पलीकडे!”

“असंल. कविता माझ्या कधी पाठच नाही झाल्या.” आणि तो स्वतःच हसला.

वामनराव हसले नाहीत. त्यांनी आत तोंड करून हाक दिली, “चहा आणा!”

जिजाबाईंनी सुस्कारा सोडला. मधुकरच्या आईलाही काय ते उमगलं. तिनं पदर सावरला आणि पिशवी जवळ ओढली. आत्ता गप्प बसले तर गेलाच हा, शामलाला वाटलं. तिनं पडदा सारला, सरळ बाहेर आली आणि पोह्यांची बशी मधुकरपुढे ठेवली.

“शामले, मी चहा म्हटलं!”

“ऐकलं, बाबा.” तिची नजर खाली गेली नाही. “आधीचे सगळे मीच मुद्दाम नापास केले. यांच्यासाठी सगळ्यात सोपा शब्द काढला होता. तोही नाही आला यांना. तरी मले हेच पाहिजेत.”