मेन बंद केल्यावर

"दिवे वायरचे लावू की बॅटरीचे?" शिडी टेकवत वायरमनने विचारलं. "वायरचे म्हणाल तर भिंत फोडून झिरी मारावी लागेल. बॅटरीचे नुसते चिकटवायचे. अंधारात माणूस हलला की लागतात, गप्प राहिला की थोड्या वेळाने आपोआप विझतात."

"वायरचेच लावा," बाई ठसक्यात म्हणाली. "बॅटरीचं लचांड कोण सांभाळणार?"

नवरा शेजारीच उभा होता. परक्या माणसासमोर त्याचं तोंड कसं साखरेत घोळलेलं असायचं. हसत हसतच त्याने मागून तिच्या दंडाला चिमटा काढला, तोही बरोबर कालच्या काळ्यानिळ्या डागावर, आणि पिळला. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"अहो, हिला काय कळतंय?" तो वायरमनला म्हणाला. "नुकताच रंग दिलाय, भिंती कशाला फोडताय? बॅटरीचेच लावा."

बाईने मान खाली घातली. आत्ता हसू फुटलं असतं तर सगळंच मुसळ केरात गेलं असतं. आपण हो म्हटलं की हा नाही म्हणणार, हे ती मार खाऊन खाऊन शिकली होती. आणि सकाळी ती एकटीच या वायरमनच्या दुकानात जाऊन विचारून आली होती, "मेन बंद केला तरी हे दिवे लागतात का हो?" तोंडाशी धरलेल्या रुमालाखाली ओठ फुटलेला होता. वायरमनने ते पाहिलं होतं. "लागतात की, वहिनी," एवढंच तो म्हणाला होता.

आता त्याने एक दिवा बोळात मेनच्या वर चिकटवला, एक स्वयंपाकघराच्या दारावर आणि एक ओट्याच्या वर. "येतो वहिनी," म्हणाला आणि शिडी खांद्यावर टाकून गेला.

दार लागलं आणि साखर विरघळली.

"चारचौघांत मला अक्कल शिकवतेस? थांब, आज तुझी जिरवतोच!"

त्याची मारायची एक रीत होती. स्वयंपाकघराची खिडकी लावायची, पट्टा काढून मुठीला गुंडाळायचा आणि मग बोळात जाऊन मेन बंद करायचा. अंधारात फटका कुठून येतोय ते तिला कळायचं नाही, चुकवता यायचं नाही. मेल्याला शौर्य यायचं ते अंधारातच. ती ओट्याखाली गुडघे पोटाशी घेऊन, डोकं हातांनी झाकून बसायची आणि पावलं ऐकत राहायची.

आज ती बसली नाही. ती ओट्याला पाठ लावून उभी राहिली. दिवे न लागले तर? हात मागे गेला तेव्हा बोटांना लोखंडी तव्याचा दांडा लागला.

बोळात खटका पडला. फ्रीजची घरघर थांबली. दिवसही मावळला होता, घर काळंकुट्ट झालं. त्याच्या सवयीच्या हाताने नव्या दिव्यांबद्दल डोक्याला काही विचारलंच नव्हतं. एक पाऊल वाजलं.

आणि बोळातला दिवा लागला.

तो जागच्या जागी थबकला. इतक्या वर्षांत तिने त्याला त्या वेळी कधी पाहिलंच नव्हतं. दात विचकलेले, कपाळावर घाम, एक हात वर. हाच तो? एवढाच? तिला भीतीपेक्षा किळस आली.

"बंद कर ते!" तो ओरडला.

"बटण नाही त्याला," ती म्हणाली.

तो धावून आला. दारावरचा दिवा लागला, मग ओट्यावरचा. पट्टा येताना तिला लख्ख दिसला. ती बाजूला झाली. बक्कल ओट्याच्या कडेवर आपटलं आणि त्याचा तोल गेला. तिने दोन्ही हातांनी तवा उचलला आणि त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज आला. तो गुरासारखा ओरडला आणि डावा हात उगारून पुन्हा आला. तिने पुन्हा घातला, या वेळी गुडघ्यावर. तो तोंडावर कोसळला. फरशीवर त्याच्या नाकातलं रक्त सांडलं.

"मेन लाव गं," तो कण्हत म्हणाला. "मेन लाव. मेलो मी."

"पडून राहा," ती म्हणाली. "हलू नकोस."

आजवर तिने त्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं. त्याच्याही ते लक्षात आलं असावं, कारण तो एकदम गप्प झाला. तीही तवा धरून नुसती उभी राहिली. बोळातला दिवा विझला. मग दारावरचा. मग ओट्यावरचाही विझला आणि पुन्हा मिट्ट काळोख झाला.

अंधारात तिला त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता, बारीक, दाबून धरलेला. तो जरा जरी हलला असता तरी दिवा लागला असता.

तो हलला नाही.